राग आला की एक गोळी

सकाळी साडेनऊला ती आपली दीड वर्षाची लेक सासऱ्यांच्या कडेवर द्यायची आणि तीन मजले उतरून रस्त्यावर येईपर्यंत चार वेळा थांबून वर बघायची. मुलीला घरात सगळे ठकी म्हणत. जिन्याच्या कठड्याच्या दोन गजांमध्ये ठकीचं डोकं अडकेल का, हे तिने फूटपट्टी घेऊन मोजलं होतं. अडकत नव्हतं. तरी तिने खालपासून वरपर्यंत जाळी बांधून घेतली, आणि मग जाळीच्या भोकात ठकीचं बोट अडकेल का, या काळजीला लागली.

काळजी नव्हती ती फक्त सासऱ्यांची. बाबा म्हणजे सदुसष्ट वर्षांचा, ताठ कण्याचा माणूस. चौतीस वर्षं एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. ‘जगाच्या चुका काढून मी घर चालवलं’ असं छाती पुढे काढून सांगायचे. पाच महिन्यांपूर्वी त्यांचं बीपी वाढलेलं निघालं, डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी सांगितली, घरात गोळ्या आल्या आणि विषय मिटला. बाबा ठकीला कडेवर घेऊन तीन मजले उतरत, बागेत नेत, तीन मजले परत चढत. सासूबाई सकाळी शिवणाचा क्लास घ्यायला बाहेर असत. नवरा आठलाच कामावर. म्हणजे साडेनऊ ते दोन घरात दोघंच, बाबा आणि ठकी. या साडेचार तासांवर तिची नोकरी उभी होती.

नोकरी एका दवाखान्यात. पेशंटच्या हातात घरी जाताना जो कागद देतात, तो सोप्या भाषेत लिहायचं काम. मधुमेह म्हणजे काय, दमा म्हणजे काय, काय खायचं, कधी धावत परत यायचं. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंचा, म्हणजे मॅडमचा, एक नियम होता: पत्रक छापायला जाण्याआधी ते एका साध्या माणसाला वाचायला द्यायचं, मग कागद काढून घ्यायचा आणि विचारायचं, ‘तुम्हाला काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा.’

हा नियम मॅडमला अनुभवानं सुचला होता. जुलाबाच्या जुन्या पत्रकात लिहिलं होतं, ‘एक लिटर पाण्यात पुडी सोडा.’ दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ दारात हजर. ‘पुडी मिळाली हो. सोडा कुठला घालायचा, खायचा की धुण्याचा?’ आणि ‘उपाशीपोटी रक्त द्यायला या’ वाचून एका आजोबांनी निरोप पाठवला होता की, रक्त द्यायला माझी ना नाही, पण आधी पोटभर जेवणार.

यंदा बीपीच्या पत्रकाची पाळी होती. तिने ते लिहिलं, आणि साधा माणूस म्हणून घरच्याच माणसाच्या हातात दिलं. स्वतः बीपीचा पेशंट, वर मुद्रितशोधक. याहून चांगला परीक्षक कुठून आणायचा?

बाबांनी चष्मा पुसला, लाल पेन काढलं, आणि ठकीला मांडीवर बसवून कामाला लागले. वीस मिनिटांनी कागद परत आला तेव्हा तो गोवर उठल्यासारखा दिसत होता.

“तेवीस,” बाबा तृप्त आवाजात म्हणाले. “त्यातल्या अकरा वेलांट्या. कॉलेजात शिकवतात काय तुम्हाला?”

“आणि हे अख्खं वाक्य का खोडलंत?”

“कुठलं? हां, ते. ‘बहुतेक लोकांना बीपी वाढलेलं असताना काहीही जाणवत नाही.’ विसंगत आहे. वर मथळा दिलास आजाराचा आणि खाली म्हणतेस काही जाणवत नाही. काही होतच नसेल तर आजार कसला? वाचक गोंधळतो.”

तिने ओठ चावला. पण नियम म्हणजे नियम. तिने कागद काढून घेतला. “आता न बघता सांगा बाबा. काय कळलं?”

“त्यात काय सांगायचं? मी स्वतः भोगतोय. काही माणसांना बीपी असतं. राग आला की ते वाढतं. वाढलं की गोळी घ्यायची. उतरतं.”

ती बघतच राहिली. “असं कुठे लिहिलंय मी?”

“लिहायला कशाला हवं? सगळं जग बोलतं. ‘माझं बीपी वाढवू नकोस.’ ‘त्याला बघितलं की माझं बीपी वाढतं.’ तू स्वतः काल फोनवर म्हणालीस, गॅसवाल्यानं बीपी वाढवलं म्हणून.”

तिने कागद खाली ठेवला. “बाबा, तुम्ही गोळी रोज घेता ना?”

“रोज?” बाबा हसले. ठकीही हसली, कारण आजोबा हसले की हसायचं असा तिचा नियम होता. “रोज राग यायला मी काय तुझी सासू आहे?”

ती उठून त्यांच्या कपाटाशी गेली. वरच्या कप्प्यात गोळ्यांची पाकिटं एकावर एक रचलेली होती, बँकेतल्या नोटांसारखी कोरी करकरीत. पाच महिन्यांत चार संपली होती. पाचवं अर्धवट. आणि त्या पाचव्या पाकिटाच्या मागच्या चंदेरी बाजूवर, प्रत्येक रिकाम्या खळग्याशेजारी, बारीक सुबक अक्षरात टिपणं होती: ‘३ – वरच्यांचा नळ.’ ‘७ – पेपरात “पुर्ण”.’ ‘११ – ही.’ ‘१२ – ही.’ ‘१९ – सू.’

“हे काय आहे?”

“नोंद. कुणामुळे गोळी लागली ते. डॉक्टरांना दाखवायला बरं पडतं.”

“‘ही’ म्हणजे आई?”

“अर्थात.”

“आणि हे ‘सू’ कोण?”

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. “सूर्य. त्या दिवशी ऊन फार होतं.”

गेल्या महिन्याच्या एकोणीस तारखेला बाबांनी ठकीला आइस्क्रीम चाटवलं होतं आणि सूनबाईंनी त्यावरून अर्धा तास ऐकवलं होतं, हे दोघांनाही लख्ख आठवत होतं. पण त्या क्षणी तिला भांडायला सवड नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं होतं. तिसऱ्या मजल्याचा जिना, बाबांच्या कडेवर ठकी, आणि बाबांना मधल्याच पायरीवर काहीतरी होतं. पाच महिने ती चार वेळा वर बघत होती ते ठकी कठड्याशी दिसते का म्हणून. बघायला हवं होतं ते बाबांकडे.

तिने समजावण्याचा प्रयत्न केला. अगदी मनापासून केला.

“बाबा, बीपी सगळ्यांनाच असतं. बीपी म्हणजे रक्ताचा दाब. जिवंत माणूस म्हटला की त्याला बीपी आलंच.”

“म्हणजे तुलाही आहे?”

“आहे.”

“मग तू गोळी का घेत नाहीस?”

“माझं जिथे असायला हवं तिथे असतं. तुमचं वर गेलेलं असतं.”

“वर गेलं की मी घेतोच.”

“पण वर गेलेलं तुम्हाला कळणार कसं? आतल्या आत वाढतं. मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या नळ्या झिजतात. वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, आणि मग एक दिवस...”

“तेच ते खोडलेलं वाक्य तू तोंडी सांगतेयस.”

“डॉक्टरांनी रोज सकाळी एक म्हणून सांगितलं होतं ना?”

“त्यांची माझी ओळख नाही. त्यांना वाटलं असेल, हा माणूस रोज सकाळी चिडत असेल.” बाबांनी ठकीच्या नाकावर बोट टेकवलं. “आम्ही कुठे चिडतो? आम्ही तर शहाणे!”

रात्री जेवताना तिने नवऱ्याला हळूच सांगितलं, “तू बोल ना बाबांशी.” नवरा घास गिळून म्हणाला, “अगं, त्यांना असं काही बोललो तर त्यांचं बीपी वाढेल.”

म्हणजे घरात पेशंट एकच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून तिने मॅडमकडून घरून काम करायची परवानगी घेतली. पत्रकं लिहायची आहेत, घरी निवांतपणा मिळतो, असं काहीतरी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “महिनाअखेरपर्यंत ठीक आहे. पुढे मात्र इथे यावं लागेल. पेशंट इथे येतात, तुझ्या घरी नाही.” म्हणजे महिनाअखेरपर्यंत बाबांची गोळी रोजची व्हायला हवी होती, नाहीतर ठकीला सोडून जायला माणूस नाही आणि नोकरी नाही.

बाबा ठकीशी खेळत, ती शेजारच्या खोलीत दार उघडं टाकून बसे. बागेत जायची वेळ झाली की, “थांबा, मीही येते, पाय मोकळे होतील.” असं तीन दिवस पाय मोकळे झाल्यावर तिला एक युक्ती सुचली. रागाशिवाय गोळी नाही ना? मग राग आणू.

बाबांना राग कशाचा येतो, हे शोधायला तिला पाकीट पुन्हा बघावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता फ्रिजच्या दारावर ठळक अक्षरात यादी लागली: ‘दुध, ब्रेड, अंडी, साबण.’

बाबा पाणी प्यायला आले. ग्लास तोंडाशी गेला आणि तिथेच थांबला.

“हे कुणी लिहिलं?”

“मी. का हो?”

“दूध! द-ला दीर्घ ऊकार! या घरात, माझ्या डोळ्यांदेखत...” बाबांचे कान लाल झाले. पाच मिनिटं दीर्घ ऊकारावर व्याख्यान झालं. मग बाबा तावातावानं कपाटाकडे गेले, आणि त्यांच्या पाठमोऱ्या मानेकडे बघत तिने कान टवकारले. गोळी पाकिटातून निघाल्याचा ‘टक’ असा आवाज आला. तिला तो आवाज इतका गोड कधीच वाटला नव्हता.

दुसरा दिवस: ‘सुचना – गिझर बंद करावा.’ टक.

तिसरा दिवस: दूरच्या भाच्याला पाठवायच्या शुभेच्छापत्रावर ‘हार्दीक आशिर्वाद’. त्या दिवशी बाबांना खुर्चीत बसावं लागलं. टक.

पण ती काळजी करणाऱ्या जातीची. बीपीच्या माणसाला रोज उठून चिडवायचं, हा उपाय की अपाय? तिने मॅडमना फोन लावला. “मॅडम, एका पेशंटची सून विचारत होती...” असं म्हणून सगळं सांगितलं. पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला, जो खोकला नव्हता.

“त्या सुनेला सांग,” मॅडम म्हणाल्या, “राग आला की कुणाचंही बीपी थोडा वेळ चढतं आणि उतरतं. तुझंही, माझंही. तो आजार नव्हे. आजार म्हणजे माणूस शांत बसलाय, पेपर वाचतोय, आणि तरी ते वर. म्हणून गोळी रोजची. आणि तिला विचार, आठव्या दिवशी काय करणार आहे? शब्दकोश संपला की?”

“विचारते.”

“आणि हेही विचार, बीपीचं पत्रक कुठवर आलं?”

आठव्या दिवसापर्यंत वाट बघावी लागली नाही. चौथ्याच दिवशी फ्रिजवर ‘पुर्वसुचना’ लागली. बाबा आले, वाचलं, खिशातून पेन्सिल काढली, दोन्ही ऊकार शांतपणे दीर्घ केले आणि ग्लासभर पाणी प्यायले.

“मुद्दाम करतेयस,” ते म्हणाले.

“मी? छे!”

“चौतीस वर्षं चुका बघितल्यात मी. खऱ्या चुका करणारा माणूस ‘गिझर’ बरोबर लिहून ‘सूचना’ चुकवत नाही. तो दोन्ही चुकवतो. तुझ्या चुका फार स्वच्छ आहेत.” आणि हसून पुढे म्हणाले, “का करतेयस ते मला माहीत नाही. पण मी ठरवलंय. आता चिडायचंच नाही. बघ, कसं वाटतंय. एकदम हलकं.”

आणि खरंच, बाबा चिडेनासे झाले. वरच्यांचा नळ गळला, बाबा हसले. पेपरात मथळ्यात चूक निघाली, बाबांनी मान हलवली आणि पान उलटलं. सासूबाईंनी त्यांचा आवडता जुना शर्ट कापून शिवणक्लासला नेला, बाबा म्हणाले, “सत्कारणी लागला.” घरात सगळ्यांना वाटलं, माणूस किती निवळला! आणि कपाटातलं पाकीट? एक आठवडा, सात दिवस, एकही टक नाही.

त्या सातव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला ती खोलीतून बाहेर आली. बाबा आरामखुर्चीत. ठकी त्यांच्या छातीवर पालथी झोपलेली, तोंड उघडं, बाबांच्या सदऱ्यावर लाळेचा नकाशा. अर्धा तास माणूस हलला नव्हता, ठकी जागी होईल म्हणून. चेहऱ्यावर असं समाधान की कुणालाही वाटावं, यांना कसला आजार!

आणि तिचा बांध फुटला.

“तुम्ही हसताय?” ती म्हणाली. आवाज हळू ठेवायचा होता, राहिला नाही. “मी आठवडाभर झोपलेली नाही आणि तुम्ही हसताय! दूध काय, सूचना काय, मला काय हौस होती अशुद्ध लिहायची? रोज एक गोळी, एवढंच. एवढंसं पांढरं टिकलीएवढं! ते गिळायला तुम्हाला आधी भांडण लागतं! उद्या या जिन्यावर तुम्हाला काही झालं, हिला कडेवर घेऊन...” तिने ठकीकडे पाहिलं. “म्हणून मी घरी बसलेय बाबा. पत्रकं-बित्रकं काही नाही. तुमच्या भरवशावर हिला सोडून जायची मला भीती वाटते.”

ठकी कुशीवर वळली. बाबांचं हसू हळूहळू उतरलं, पण पूर्ण नाही. सवयीचा माणूस.

“बघ,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “आता तुझं बीपी वाढलं. कपाटात आहेत. एक घे.”

तिला रडावं की ओरडावं ते कळेना. ती आत गेली, पत्रकासाठी दवाखान्यातून आणलेलं बीपीचं मशीन घेऊन आली, बाबांसमोर खुर्ची ओढून बसली आणि पट्टा स्वतःच्याच दंडाला गुंडाळला. कानशिलं तापली होती. बटण दाबलं. पट्टा फुगला, सुस्कारा टाकून उतरला. आकडा आला.

एकशे चोवीस आणि अठ्ठ्याहत्तर.

“हे किती?” बाबांनी मान लांब केली.

“नेहमीपेक्षा जरा जास्त. तरी चांगलं. अगदी चांगलं.” ती नाक पुसत म्हणाली. स्वतःचं इतकं चांगलं असेल, असं तिलाही वाटलं नव्हतं. गेले पंधरा दिवस तिला आपल्यालाच काहीतरी झालंय असं वाटत होतं.

“एवढी ओरडलीस तरी?”

“तरी. आता तुम्ही.”

“मला कशाला? मी तर...”

“तुम्ही शांत आहात. अर्धा तास शांत आहात. द्या हात.”

ठकीला न उठवता तिने पट्टा बाबांच्या मोकळ्या दंडाला बांधला. पट्टा फुगला. फुगतच राहिला. थांबला, पुन्हा थोडा फुगला, जणू मशीनलाही खात्री वाटत नव्हती.

एकशे बहात्तर आणि एकशे चार.

बाबांनी तो आकडा वाचला. मग मुद्रितशोधकाच्या सवयीनं पुन्हा वाचला, उजवीकडून डावीकडे.

“मशीन बिघडलंय.”

“आत्ताच माझं घेतलं.”

“पुन्हा घे.”

तिने थोडं थांबून पुन्हा घेतलं. एकशे सत्तर आणि एकशे दोन.

बाबांनी पट्ट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ठकीचा श्वास ऐकू येत होता.

“रागावलेली तू,” ते शेवटी म्हणाले, “आणि बीपी माझं.”

“हो.”

“मला आत्ता काहीसुद्धा होत नाहीये. डोकं दुखत नाही, चक्कर नाही. उलट फार बरं वाटतंय.”

“हो बाबा.”

“म्हणजे ते वाक्य...”

तिने पट्टा सोडवला. बाबांनी ठकीच्या पाठीवर ठेवलेला हात उचलून पाहिला, जणू त्या हातावर आता त्यांचाच भरवसा उरला नव्हता, आणि परत अलगद ठेवला.

“हिला घे,” ते म्हणाले. “आणि तुझ्या मॅडम किती वाजेपर्यंत असतात?”

मॅडमनी त्यांना तपासलं, रक्त-लघवी बघितली, गोळी तीच ठेवली आणि वेळ ठरवून दिली: दात घासले की लगेच. “राग आलाय का हे स्वतःला विचारायचं नाही. दात घासायला तुम्ही राग यायची वाट बघता का?” बाबा म्हणाले, “तशी कल्पना चांगली आहे.” मॅडम म्हणाल्या, “मीठ कमी. चालणं चालू. आणि तीन आठवडे थांबू. शेवटच्या आठवड्यात रोज सकाळी घरी मोजा. सातही दिवस वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत आणि खालचा नव्वदच्या आत आला, तर नातीला न्या बागेत.” मग सूनबाईंकडे वळून म्हणाल्या, “आणि त्या पेशंटच्या सुनेला सांग, तेवढी मुदत मी वाढवली.”

तीन आठवडे रोज सकाळी टक. शेवटच्या आठवड्याचे सहा दिवस नीट गेले. सातव्या दिवशी सोमवार होता आणि तिने चप्पल पायात घालून ठेवली होती. आजचा आकडा चांगला आला तर ती जाणार, नाही आला तर मॅडमना फोन करून सांगणार की दुसरं माणूस बघा. ठकी तिच्या कडेवर होती आणि आजोबांकडे झेप घेत होती.

पत्रकही छापून आलं होतं. छापण्याआधी नियमाप्रमाणे ते आणखी एका साध्या माणसाला द्यायचं होतं, तेव्हा तिने सासूबाईंना दिलं होतं. सासूबाईंनी शिवणाच्या मशीनवर बसून ते दोनदा वाचलं होतं, कागद परत दिला होता आणि म्हणाल्या होत्या, “कळलं. गोळी रोज. राग आला काय, नाही आला काय, गोळीला त्याचं काही नाही.” “अगदी बरोबर, आई!” “म्हणजे,” सासूबाई सावकाश म्हणाल्या होत्या, “पाच महिने यांचं बीपी वाढेल म्हणून मी जिभेला कुलूप घालून बसले, ते उगीच?”

तिने तेव्हा विषय बदलला होता. आज सासूबाईंनी क्लासला अर्ध्या तासाची सुट्टी दिली होती.

“हात द्या,” त्या मशीन घेऊन बाबांसमोर बसल्या.

“तू? सूनबाई मोजते की.”

“सूनबाईंच्या कडेवर पोर आहे. द्या.” त्यांनी पट्टा बांधला, माप घेताना टेप लावतात तसा, एक बोट आत घालून सैल-घट्ट बघून. मग पत्रक उघडून डोळ्यांपासून लांब धरलं. “मोजण्याआधी पेशंटने पाच मिनिटं शांत बसावं. पाय जमिनीवर. पेशंटने बोलू नये.”

“माहीत आहे. मीच तपासलंय ते.”

“बोलू नये, लिहिलंय.”

बाबा गप्प बसले. सासूबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि पदर सावरला.

“पेशंटने,” त्या म्हणाल्या. “घरच्यांबद्दल काही लिहिलेलं नाही. तर पहिली गोष्ट. ओला टॉवेल पलंगावर. दुसरी गोष्ट. माझी बहीण आली होती तेव्हा तिच्या पत्रिकेतल्या चुका तिच्याच तोंडावर...”

बाबांनी तोंड उघडलं. सासूबाईंनी पत्रकावर बोट ठेवलं. बाबांनी तोंड मिटलं, आणि मोठ्या आशेनं सुनेकडे पाहिलं. तिने घाईघाईनं ठकीचं झबलं सरळ करायला घेतलं, जे सरळच होतं.

पाच मिनिटांत पाच महिने बसवायचे म्हणजे बोलण्याला वेग लागतो. सासूबाईंनी तो लावला. धुवायला न टाकलेले शर्ट, पेपर कापून बोथट केलेली कात्री, विसरलेला लग्नाचा वाढदिवस, चहात बोट बुडवून गरम आहे का बघायची सवय, आणि ‘ही’ असं पाकिटाच्या मागे पेनानं लिहून ठेवणं, तेही ओळीनं दोन दिवस. ते त्यांना कुणी सांगितलं असेल, याचा बाबा विचार करत असावेत, कारण त्यांनी पुन्हा सुनेकडे पाहिलं, आणि या वेळी आशेनं नाही.

“झाली पाच,” ती म्हणाली. “आई, बटण दाबा.”

पट्टा फुगला, थबकला, सुस्कारला. तिने डोळे मिटून घेतले होते. ठकीनं तिच्या गालावर थापट मारली तेव्हा उघडले.

“एकशे चौतीस आणि ब्याऐंशी,” सासूबाईंनी वाचलं, आणि जरा हिरमुसल्या आवाजात म्हणाल्या, “एवढं सगळं ऐकवलं तरी?”

“तरी,” बाबा विजयानं म्हणाले, आणि दंडाला पट्टा तसाच लोंबत असताना दोन्ही हात पुढे केले. तिने ठकी त्यांच्या हातात दिली. बाबांनी ठकीला घट्ट धरलं, चष्मा सावरला, आणि सुनेला म्हणाले, “जा आता. उशीर होईल. खाली पोचलीस की वर बघत बसू नकोस, रस्त्याकडे बघ.”

ती दारापर्यंत गेली. मागून बाबांचा आवाज आला, “चला, संपलं एकदाचं. आता आठवड्यातून एकदाच मोजायचं. तसं पत्रकातच लिहिलंय, पान तीन.”

“ती छपाईची चूक आहे,” सासूबाई म्हणाल्या.